शहाऐंशीव्या मिनिटाचा गोल

सोमवारी सकाळी साडेनऊला चष्मेवाल्यांनी दुकानाचं शटर वर केलं, दिवे लावले आणि नव्या फ्रेम्सचे भाव लिहायचा फळा पुसून त्यावर खडूने ठळक लिहिलं: ‘लाइनमनसाठी नजर तपासणी मोफत. आधी वेळ घ्यावी लागत नाही. दार दिसलं तर आत यावे.’ मग तो फळा दर्शनी काचेत, रस्त्याकडे तोंड करून उभा केला.

त्यांची बायको पाठोपाठ आली. फ्रेमच्या दांड्या वाकवून कानावर नीट बसवणं, नाकावरच्या पट्ट्या बदलणं ही दुकानातली कामं तिची. तिने बाहेर उभं राहून फळा वाचला आणि पर्स काउंटरवर ठेवली.

“अहो, हे काय आहे?”

“वाचता येतंय ना?”

“मला येतंय. गिऱ्हाइकांनाही येईल, त्याचीच काळजी आहे.”

“येऊ दे. सगळ्या गावाला कळू दे काय झालं ते.”

“गावाला कालच कळलंय. एक-शून्य.”

चष्मेवाल्यांनी लेन्स घासायचं यंत्र सुरू केलं. त्याच्या आवाजात बोलता येत नाही, हा त्या यंत्राचा एक फायदा आहे.

रविवारी झालं ते असं. चष्मेवाल्यांचा फुटबॉलचा संघ पिवळा. नदीपलीकडचा संघ निळा. या दोघांची वर्षातून दोनदा गाठ पडते आणि गेल्या सहा गाठींत पिवळे हरलेत. या वेळी एकाहत्तराव्या मिनिटाला निळ्यांनी गोल केला. शहाऐंशीव्या मिनिटाला पिवळ्यांच्या नऊ नंबरवाल्याने बरोबरीचा गोल केला, मैदानाच्या अर्ध्या भागाने एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि मग लोकांना दिसलं की पलीकडच्या बाजूला कडेच्या रेषेवरच्या पंचाचा, म्हणजे लाइनमनचा, झेंडा वर आहे. ऑफसाइड, म्हणजे पास निघाला तेव्हा नऊ नंबरवाला शेवटच्या बचावपटूच्या पुढे होता. गोल रद्द.

हा सामना टीव्हीवर दाखवण्याइतका मोठा नव्हता. एका प्रेक्षकाने मोबाइलवर केलेलं चित्रण आहे, पण नेमक्या क्षणी त्यात फक्त सिमेंटची पायरी आणि कुणाचे तरी बूट दिसतात, कारण चित्रण करणाराही उडी मारत होता. म्हणजे पुरावा कुणाकडेच नाही. फक्त चष्मेवाल्यांना स्वच्छ दिसलं होतं. “मी त्याच रेषेत बसलो होतो,” असं ते सोमवारपासून येईल त्याला सांगत होते. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे ते कोपऱ्यातल्या झेंड्याच्या मागे बसले होते आणि गोल झाला तेव्हा थर्मासचं झाकण शोधत होते.

चष्मेवाल्यांचं वय छप्पन्न. दुकान वडिलांचं, पिवळा संघही वडिलांचाच. तपासणीच्या खोलीची लांबी कमी म्हणून अक्षरांचा तक्ता आरशात दाखवतात. तो आरसा वडिलांनी लावलेला आहे आणि अजून एकही डाग पडू दिलेला नाही. नंबर बदलला नसेल तर “जुनाच चष्मा वापरा” म्हणून माणसाला परत पाठवणारा हा दुकानदार आहे. बायको यावर चिडते, पण याच एका गोष्टीमुळे नदीपलीकडूनही लोक त्यांच्याकडे येतात. नजरेच्या बाबतीत त्यांचा शब्द चालतो. चार पिढ्यांचे नंबर त्यांनी कार्डांवर लिहून ठेवलेत आणि बऱ्याच लोकांचे तोंडपाठ आहेत. कोण कुणाला काय म्हणाला हे त्यांच्या लक्षात राहत नाही. डाव्या डोळ्याचा उणे सव्वादोन लक्षात राहतो.

मैदानावर मात्र ते दुसरे कुणीतरी असतात. पंचांना आंधळा म्हणायची त्यांची चाळीस वर्षांची सवय आहे. इतर प्रेक्षकही म्हणतात, पण चष्मेवाले तपशिलात जातात. “डावा गेलाय याचा. उजवाही फार दिवस टिकणार नाही.” आजूबाजूचे हसतात. धंद्यातला माणूस म्हटल्यावर शिवीलाही वजन येतं.

रस्त्याच्या पलीकडे, पंचवीस पावलांवर, चष्म्याचं दुसरं दुकान आहे. ते त्यांच्या साडूचं. दोन बहिणी दोन चष्मेवाल्यांना दिल्या गेल्या. एका लग्नात दुसरं जमलं, एवढाच त्याचा इतिहास. साडू निळ्यांचा. सात-आठ वर्षांपूर्वी असाच एक सामना झाल्यावर जेवणाच्या टेबलावर ऑफसाइड समजावून सांगताना मिठाची बरणी, दोन वाट्या आणि सासूबाईंची कवळी ठेवलेला पेला असा संघ उभा राहिला आणि पेला फुटला. तेव्हापासून बहिणींनी नियम केला: सामना झाल्यापासून सात दिवस दोघांपैकी कुणीही रस्ता ओलांडायचा नाही. फोन नाही, खुणा नाहीत, काचेतून बघणंसुद्धा नाही. बहिणी आपापसात बोलतात. साडू नियम पाळतात आणि आपापल्या बायकोला विचारतात, “काय म्हणतोय तो?”

या वेळी मेव्हणीचा निरोप मंगळवारी आला. “धाकटी म्हणते, फळा वाचून त्यांच्याकडे दोन दिवस सगळे हसतायत,” बायको म्हणाली. “भाऊजी म्हणाले म्हणे, लाइनमनला झेंडा दिसला, ह्यांना गोल दिसला, ज्याला जे दिसायचं ते दिसतं.”

“त्याला सांग, माझ्याकडे ये, तुझेही तपासतो.”

“मी काही सांगणार नाही. फळा काढा.”

“रविवारपर्यंत राहील.”

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास दाराची घंटी वाजली आणि लाइनमन आत आला.

हा माणूस एरवी जमिनीच्या मोजणीचं काम करतो. तिपाईवर दुर्बीण बसवून दिवसभर सरळ रेषेत बघायचं, ही त्याची नोकरी. वय बेचाळीस, अंगाने काटक, शर्ट नीट खोचलेला. लीगच्या नियमाप्रमाणे पंचांना दर वर्षी नजरेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि गेली नऊ वर्षं तो ते चष्मेवाल्यांकडूनच घेत आला होता. त्याने फॉर्म काउंटरवर ठेवला.

“दार दिसलं,” तो म्हणाला.

चष्मेवाल्यांची बायको दांडी वाकवता वाकवता थांबली.

“दुसरीकडे जाता आलं असतं,” चष्मेवाले म्हणाले.

“गेलो असतो तर घाबरलो म्हणाला असतात.”

“म्हणालो असतो.”

“म्हणून आलो. तपासा आणि त्या फळ्याखाली लिहा काय निघालं ते.”

खोलीत दोघं समोरासमोर बसले. लाइनमनने सगळ्यात खालची ओळ डाव्या डोळ्याने वाचली, उजव्या डोळ्याने वाचली आणि वर तक्ता छापणाऱ्या कंपनीचं बारीक अक्षरातलं नावही वाचून दाखवलं. चष्मेवाल्यांचं तोंड कडू झालं. रविवारपासून त्यांनी ज्याला आंधळा म्हणून गावभर केलं त्याची नजर गिधाडासारखी होती. फॉर्मवर सही करून मोकळं व्हावं, असं त्यांना वाटलं. पण फॉर्मवर खाली ‘बाजूची नजर’ असा रकाना आहे. बहुतेक ठिकाणी तो न तपासताच भरतात. चष्मेवाले भरत नाहीत.

ही तपासणी साधी असते. दोघांनी हातभर अंतरावर समोरासमोर बसायचं, एकेक डोळा झाकायचा, एकमेकांच्या उघड्या डोळ्यात बघायचं. तपासणारा बाजूने बोट हलवत आत आणतो. दोघांनाही ते एकाच वेळी दिसायला हवं. तपासणाऱ्याचा डोळा हेच माप.

डावा डोळा ठीक होता. मग लाइनमनने डावा झाकला. चष्मेवाल्यांनी त्याच्या उजव्या बाजूने बोट आणायला सुरुवात केली. त्यांना स्वतःला ते कधीच दिसलं होतं. समोरचा काही बोलेना. बोट आणखी आत आलं. आणखी.

“आता,” लाइनमन म्हणाला.

चष्मेवाल्यांनी पुन्हा केलं. मग वरून, मग खालून, मग परत बाजूने. बाहेरच्या कडेचा, मुठीएवढा तुकडा नव्हताच.

लाइनमनची मान शेवटच्या बचावपटूच्या रेषेत असते. पास कधी निघाला हे त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपावं लागतं. रविवारी तो पास उजवीकडून निघाला होता. पहिला विचार आपल्या मनात हाच आला, त्या माणसाच्या डोळ्याचा नाही, हे चष्मेवाले आज कबूल करतात. आनंद झाला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं होतं.

दुसरा विचार यायला काही क्षण लागले. “चेहऱ्याला कधी काही लागलंय?”

“तीन आठवड्यांपूर्वी बॉल बसला होता. सूज होती दोन दिवस.”

“चमकल्यासारखं होतं का? अंधारात, कडेला?”

“कुणीतरी फोटो काढल्यासारखं होतं कधीकधी. का?”

“काळे ठिपके?”

“ते सगळ्यांनाच असतात.”

“सगळ्यांना नसतात,” चष्मेवाले म्हणाले. “नीट ऐका. उजव्या डोळ्याच्या आतला पडदा कडेने सुटायला लागला असावा. मी डॉक्टर नाही. पण मधल्या भागापर्यंत पोचला तर हा डोळा गेला. आजच्या आज डोळ्यांच्या हॉस्पिटलला जा. मी चिठ्ठी देतो.”

लाइनमन हसला, पण ते हसू बरं नव्हतं.

“बाहेर फळा कोणी लिहिलाय?”

“मी.”

“अक्षर कोणाचं?”

“माझंच. त्याचा याच्याशी संबंध नाही.”

“बोट तुमचं, माप तुमच्या डोळ्याचं, आणि संघ पिवळा. खालची ओळ वाचली, वरचं नाव वाचलं, तरी डोळा गेला. कमाल आहे. प्रमाणपत्र द्यायचं नाही तर तसं सांगा की सरळ.”

“प्रमाणपत्र गेलं खड्ड्यात. तुमचा डोळा जातोय.”

“मैदानावर हेच ऐकतो तुमच्याकडून. नऊ वर्षं.” त्याने फॉर्म उचलला. “तिथे निदान तिकीट काढून बोलता.”

तो बाहेर पडून काचेसमोर उभा राहिला आणि मोबाइल काढून फळ्याचा फोटो घेऊ लागला. लीगकडे तक्रार करणार हे उघड होतं.

चष्मेवाल्यांना आला तो राग कुणाकुणावर होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हरामखोरासारखं वागायची मुभा ज्याला आयुष्यभर दिली तो त्यांच्यातलाच मैदानावरचा माणूस त्यांच्या दुकानात घुसून त्यांचा शब्द घेऊन चालला होता. नंबर न बदलता कधी चष्मा विकला नाही, आणि आता खरं सांगितलं तर खोटारडे ठरत होते. त्यांनी फळा काचेतून ओढून आडवा केला आणि एका पावलात ते बाहेर आले. खडूची पूड शर्टवर सांडली.

“मी खोटं बोलत असेन तर समोरच्याला विचारा,” ते म्हणाले.

“कुणाला?”

“समोरच्याला. तो निळा आहे. रविवारी त्याने तुमच्या नावाने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवलेत. तुमचा डोळा फुटका ठरवून त्याचा काय फायदा? उलट जिंकलेली मॅच नासेल त्याची.”

लाइनमनने रस्त्यापलीकडे पाहिलं. या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती.

“अहो,” आतून बायको म्हणाली, “गुरुवार आहे आज.”

“माहितेय.”

“अजून तीन दिवस आहेत.”

“माहितेय म्हटलं ना.”

आणि सात दिवसांचा नियम मोडून, त्या वर्षातला सगळ्यात कटू पराभव पाठीवर घेऊन, चष्मेवाले लाइनमनला सोबत घेऊन रस्ता ओलांडायला लागले. साडू काचेतूनच बघत होता. नियम तोही मोडत होता.

“या साडूभाऊ,” तो दार उघडून म्हणाला. चेहऱ्यावर रविवार अजून होता. “आणि हे कोण, आमचे पाहुणे. बसा, बसा. काय घेणार?”

“तुझं ते यंत्र चालू कर.”

मागच्या वर्षी साडूने बाजूची नजर मोजायचं यंत्र आणलं होतं. पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसायचं, बारीक दिवे लागतील तेव्हा बटण दाबायचं, शेवटी कागदावर नकाशा छापून येतो. चष्मेवाले त्याला वर्षभर ‘खेळणं’ म्हणत आले होते.

“खेळणं कशाला हवंय?” साडू म्हणाला.

“उजवा डोळा बघ. मी काय बघितलं ते तुला सांगणार नाही. तू बघ आणि यांना सांग.”

साडूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. विनोद त्याच्या ओठांवर आलेला दिसत होता. पण तोही चष्मेवाला. त्याने लाइनमनला बसवलं, डाव्या डोळ्यावर झापड लावलं आणि दिवे घालवले. नऊ मिनिटं फक्त बटणाचा टकटक आवाज येत होता. मधे मधे बराच वेळ येत नव्हता.

कागद बाहेर आला तेव्हा साडूने तो आधी स्वतः पाहिला. मग चष्मेवाल्यांकडे न बघता लाइनमनपुढे ठेवला. उजवीकडच्या कडेला काळा डाग होता.

“हे आधी कुणी सांगितलं तुम्हाला?”

“यांनी.”

“मग इथे कशाला वेळ घालवलात?” साडू म्हणाला. “माझी गाडी मागे आहे. चला.”

लाइनमन खुर्चीवरून उठला नाही. तो बटण अजून हातात धरून होता. “खालची ओळ वाचली हो मी,” तो म्हणाला. साडूने त्याच्या हातातून बटण काढून घेतलं.

संध्याकाळी पाचला ऑपरेशन झालं. दोन दिवस उशिरा आला असता तर डोळ्याचं काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

इथे चष्मेवाल्यांचं समाधान व्हायला हरकत नव्हती. झालं नाही, कारण खरा छळ नंतर सुरू झाला. पिवळ्यांच्या चाहत्यांची एक संघटना आहे, तिने त्या गोलाबद्दल लीगकडे तक्रार केली होती. तिचा सेक्रेटरी बँकेत असतो आणि जाता-येता दुकानात डोकावतो. दहाच दिवसांत तो पेपरची घडी हलवत आला.

“काढला त्याला. या मोसमातले सगळे सामने गेले. आपल्या तक्रारीचा दणका.”

“तक्रारीचा नाही,” चष्मेवाले म्हणाले.

“मग कशाचा?”

चष्मेवाल्यांच्या जिभेवर सगळं होतं: कोणता डोळा, कोणती बाजू, पास कुठून निघाला. एवढं वाक्य बोललं असतं तर चाळीस वर्षांच्या आरड्याओरड्याला एकदम शास्त्राचा आधार आला असता. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यात काय दिसलं ते काउंटरबाहेर जात नाही. वडील असेपर्यंत गेलं नाही आणि त्यांच्यानंतरही गेलेलं नाही.

“मला काय माहीत,” ते म्हणाले.

“तुम्ही म्हणालात ते खरं ठरलं बघा. आंधळाच होता.”

“चष्मा पुसून देऊ का?”

“हो द्या. नाहीतरी आता कबूल करतील, गोल होता म्हणून.”

चष्मेवाल्यांनी तो चष्मा इतका वेळ पुसला की बायकोने हातातून घेतला.

शिवाय तो काळा डाग रविवारी होता की नाही, हे कुठलंही यंत्र मागे जाऊन सांगू शकत नाही. असेल. नसेल. सोमवारी सुरू झाला असेल. डॉक्टरांना विचारून झालं. ते म्हणाले, तुम्हाला हे का हवंय? साडूला विचारून झालं. तो म्हणाला, डाग कधीचाही असो, ऑफसाइड तो ऑफसाइड. सात दिवसांचा नियम त्यावरून आणखी चार दिवस वाढवावा लागला.

लाइनमन सात आठवड्यांनी आला. एका दुपारी, दुकानात एक बाई दुरुस्तीला दिलेला चष्मा घ्यायला थांबल्या होत्या. तो सरळ तपासणीच्या खोलीत जाऊन बसला आणि न सांगता डावा डोळा झाकला. बोट बाजूने निघालं.

“आता,” तो लगेच म्हणाला.

पुन्हा. “आता.” खालच्या कोपऱ्यात किंचित उशीर लागला, पण बाकी सगळं परत आलं होतं. चष्मेवाल्यांनी कार्डावर लिहिलं, तारीख टाकली. मग सात आठवडे तोंडात धरलेला प्रश्न विचारला.

“पास कुठून निघाला होता?”

लाइनमनला कोणता पास ते विचारावं लागलं नाही. “उजवीकडून.”

“निघताना दिसला?”

तो बराच वेळ बोलला नाही. खोटं बोलणारा असता तर इतका वेळ लागला नसता.

“आवाज ऐकला,” तो म्हणाला. “बुटाचा. आम्ही आवाजावरही जातो. आवाज आला तेव्हा तुमचा नऊ नंबर फूटभर पुढे होता.”

“आवाज पोचायला वेळ लागतो.”

“तेवढ्यात फूट होत नाही.”

“होतो. तो पळत होता. तुमच्या हिशेबाने तो उभा होता का? या इकडे.”

दोघं काउंटरवर आले. चष्मेवाल्यांनी हाताला आल्या त्या चष्म्याच्या डब्या मांडल्या: काळी डबी गोलकीपर, निळसर डबी नऊ नंबर, तपकिरी डबी शेवटचा बचावपटू, आणि पास देणारा म्हणून लेन्स पुसायच्या द्रवाची बाटली. लाइनमनने काउंटरच्या कडेला डोकं नेऊन रेषा धरली, मोजणीला धरतो तशी.

“तपकिरी आणखी मागे,” तो म्हणाला.

“कुठे मागे? इथेच होता.”

“मी रेषेत होतो. तुम्ही कोपऱ्यात.”

“कोण म्हणालं कोपऱ्यात?”

“मी म्हणाले,” बायको म्हणाली.

“हे बघा, आवाज इथून निघाला, बाटलीपासून. इथे पोचेपर्यंत हा इथे. म्हणजे निघताना हा रेषेत. रेषेत असणारा ऑफसाइड नसतो. तुम्हाला तरी हे सांगायला नको.”

“रेषेत नव्हता म्हणूनच तर झेंडा.”

थांबलेल्या बाईंनी एवढ्यात आपला दुरुस्त झालेला चष्मा डोळ्यांना लावून पाहिला, समाधान झाल्यावर काउंटरवरची तपकिरी डबी उचलली, चष्मा तिच्यात ठेवला आणि पर्समध्ये टाकली.

“बाई,” चष्मेवाले आणि लाइनमन एकदम म्हणाले, “तो शेवटचा बचावपटू होता.”

“माझी डबी आहे,” बाई म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या.